अंगणातली तुळस

“मग सांगा ना बुवा, रेवाला गावी ठेवू की नको?”

येसूबुवांनी घरभर नजर फिरवली.

हेरंब त्यांचा जुना शिष्य. आता शहरात मोठ्या हुद्द्यावर होता, नवव्या मजल्यावर राहत होता. बुवा त्याच्या घरी पहिल्यांदाच आले होते. दाराशी त्याच्या लेकीची, रेवाची बॅग भरून ठेवलेली दिसत होती.

“उद्याची गाडी आहे. तिथं माझ्या आईचं अंगण आहे, माती आहे. इथं पोर दिवसभर चार भिंतींत. माझ्याशी बोलतसुद्धा नाही. उठली की टेबलाखाली जाऊन बसते.”

“तिथं काय करते?”

“काही नाही. खेळते.”

“काही नाही करते, की खेळते?”

हेरंब गोंधळला. “म्हणजे... तेच ते. पसारा नुसता. संध्याकाळी मीच आवरून टाकतो.”

“रोज?”

“रोज.”

बुवा टेबलाकडे वळले.

जेवणाच्या टेबलावरून एक चादर जमिनीपर्यंत सोडली होती. तिच्यासमोर फरशीवर कपड्यांचे चिमटे ओळीनं उभे केले होते. मध्ये उपडी वाटी, आणि वाटीला टेकवलेली कोथिंबिरीची एक काडी.

चादरीआडून आवाज आला. “आजी, दूध उतू जातंय गं!”

मग तोच आवाज जाड झाला. “आले गं बाई. गुडघे दुखतात माझे.”

हेरंब चमकला. “ही बोलतेय?”

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं. भिंतीला धरून ते उठले. चिमट्यांच्या ओळीत एके ठिकाणी फट होती, तिथवर गेले आणि थांबले. खाकरले.

“घरात कुणी आहे का?”

चादर हलली. “कोण?”

“वाटसरू. तहान लागली, माये.”

“पाय धुऊन या.”

बुवांनी कोरड्या फरशीवर एका पायानं दुसरा पाय चोळला. मग दुसऱ्यानं पहिला. फटीतून आत गेले, वाटीला हात जोडले आणि चादरीपुढे मांडी घालून बसले.

एक चिमुकला हात बाहेर आला. हातात रिकामा पेला होता. बुवा घटाघटा प्याले. मिशा पुसल्या.

“गार आहे.”

“माठातलं आहे,” आतून उत्तर आलं.

हेरंबला हसावं की रडावं कळेना. ही पोर त्याच्याशी का बोलत नव्हती? तो भराभर पुढे आला. “रेवा, मला पण दे ना पाणी!”

चिमटे आडवे झाले. वाटी कलंडली.

रेवानं चादर बाजूला केली. ती त्याच्या पायांकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले.

“बाबा... तू तुळशीवर उभा आहेस.”

हेरंबनं खाली पाहिलं. घरात घालायच्या चपलेखाली कोथिंबिरीची काडी चुरगळली होती. तुळस? कसली तुळस? त्यानं पाय उचलला, पण ठेवायचा कुठे ते त्याला सुचेना.

“बुवा, मला काहीच कळत नाहीये. पाठवू की नको? इथं अंगणच नाही, म्हणून तर...”

बुवांनी आडवा झालेला एक चिमटा उचलला आणि हलक्या हातानं पुन्हा उभा केला.

“चपला बाहेर काढ, हेरंबा. आणि येशील तेव्हा खाकरून ये.”