तांबडी डालग्याखाली

पूर्वी गंगेकाठच्या एका नगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या कुंभारवाड्यात जन्मला होता. चाक फिरवता फिरवता त्याचे केस पिकले आणि घरात दोन सुना आल्या. थोरली भानुमती कामाला वाघीण होती. जिभेलाही तशीच धार. धाकटी कुरंगी नुकतीच आली होती, आणि येताना आईने दिलेली कबरी कोंबडी काखेत घेऊन आली होती. सासरी स्वतःचे म्हणावे असे तिच्याकडे तेवढेच होते.

अंगणात भानुमतीच्या कोंबड्यांचे राज्य. त्यांची म्होरकी तांबडी अंडी देण्यात कोणाला हार जायची नाही. तिने पहिल्याच दिवशी कबरीच्या पाठीवर चोच मारली. पीस निघाले, खाली रक्ताचा लाल ठिपका दिसला, आणि पडत्या फळाची आज्ञा समजून बाकीच्याही धावल्या. रोज एकेक पीस जाऊ लागले.

भानुमती हसून म्हणाली, "नव्या कोंबडीला नि नव्या सुनेला थोडं टोचून घ्यावंच लागतं गं. मी नाही घेतलं?"

कुरंगीने कबरीला उचलून मागच्या पडवीत कोंडले, दाणापाणी दिले. जखम सुकल्यावर पुन्हा अंगणात सोडले, तर आगीतून फुफाट्यात! बाकीच्या तिला साफ विसरल्या होत्या. परकी म्हणून त्यांनी दुप्पट टोचले. कबरी कोपऱ्यातल्या फुटक्या रांजणात डोके खुपसून बसली, ती दाण्यालाही बाहेर येईना.

तेव्हा कुरंगीने गाठोडे बांधले, कबरीला उराशी धरले आणि सासऱ्याच्या पाया पडायला आली.

"मामंजी, मी माहेरी जाते. ही इथं जगायची नाही. आणि…"

बोधिसत्त्वाने चाक थांबवले. त्या 'आणि'नंतरचे सगळे त्याला कळले होते, कारण जेवताना थोरलीचे बोलणे त्याच्याही कानावर पडत असे.

"पोरी, मडकी भाजायचा आवा आजच पेटवलाय. तो निवून भांडी निघेस्तोवर थांब. मग मीच गाडी जुंपून तुला पोचवीन."

कुरंगी थांबली. बोधिसत्त्व उठला, पण कबरीकडे गेला नाही. त्याने तांबडीला धरले, घरामागच्या सावलीत नेले आणि पाण्याच्या वाटीसकट डालग्याखाली झाकले.

भानुमती तणतणत आली. "मामंजी, हा कुठला न्याय? दुखणं कबरीचं आणि कोंडलंत माझ्या तांबडीला?"

"मार खाणारीला हलवलं की मारणारीला वाटतं, अंगण आपलंच. ही शिक्षा नाही, सूनबाई. अंगण तिच्या एकटीचं नाही, एवढं तिला कळेपर्यंत बसू दे."

मग त्याने कडुनिंबाच्या तेलात काजळी कालवून कबरीच्या पाठीला माखली. लाल दिसले नाही की चोचीला निमित्त उरत नाही. फुटके रांजण आडवे करून ठेवले, म्हणजे पळणारीला आडोसा मिळावा. पालेभाजीची जुडी फांदीला टांगली, राखेचा ढीग अंगणात पसरला. रिकाम्या चोचींना काम मिळाले. आव्याची धग उतरत गेली तशी कबरी दाणे टिपू लागली, आणि एका सकाळी राखेत अशी लोळली की कुरंगीला खुदकन हसू आले.

आवा निवला, भांडी निघाली. बोधिसत्त्वाने डालगे उचलले.

तांबडी तोऱ्यात अंगणात आली आणि तिचेच फासे उलटले. आता तीच परकी होती. कालच्या तिच्याच सख्या तिच्यावर तुटून पडल्या. तुऱ्यातून रक्त आले. भानुमती पाण्याला गेली होती. गाठोडे घेऊन दारात उभी होती ती कुरंगी. तिला बरे वाटले. खोटे कशाला सांगा, फार बरे वाटले. तिने सासऱ्याकडे पाहिले. तो माती मळत राहिला.

तांबडी धावत सुटली आणि कबरी जिथे बसे त्याच रांजणात डोके खुपसून थरथरू लागली.

कुरंगी दारातून अंगणात उतरली. तिने गाठोडे खाली ठेवले आणि काजळीची वाटी आणली.

भानुमती घडा घेऊन परतली तेव्हा तांबडी कुरंगीच्या मांडीवर होती आणि कुरंगीचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. भानुमतीने तांबडीचा तुरा पाहिला. मग घडा उतरवून शेजारी बसली.

"मी आले तेव्हा मला नव्हती गं कुणी काजळी लावली," ती म्हणाली.

"मग आता लावते, जाऊबाई." असे म्हणून कुरंगीने, तान्ह्या बाळाला तीट लावावी तसे तिच्या गालाला बोट लावले. भानुमती हसली, आणि हसता हसता रडली. गाडी त्या दिवशी जुंपली गेली नाही.

धर्मगुरू शास्त्यांनी ही कथा भिक्षुणींच्या विहारात सांगितली, त्याला कारण घडले होते. धृता नावाची जुनी भिक्षुणी नव्या नंदिकेला टाकून बोले. तिचे पाहून इतरही बोलू लागल्या. शेवटी नंदिकेने दुसऱ्या विहारात जाण्याची परवानगी मागितली होती. त्यामुळे कथा ऐकताना सगळ्यांनी तांबडी म्हणजे धृता असे मनोमन ठरवून टाकले होते. धृतेनेही तेच ओळखले आणि मान खाली घातली.

शास्ता म्हणाले, "त्या जन्मीची भानुमती ती आजची नंदिका. सासरा मीच होतो. आणि धृते, तेव्हाची कुरंगी तू होतीस."

धृता आपल्या हातांकडे पाहत राहिली. मग उठली, आपले आसन उचलले आणि नंदिकेच्या शेजारी नेऊन अंथरले.

"आणि तांबडी कोण होती, भंते?" कोणीतरी विचारलेच.

"तीही इथेच बसली आहे, सुखात आहे. तिला बसू द्या," शास्ता म्हणाले. "टोचणारीच्याही जखमेला जी काजळी लावते, तीच मैत्री."