कमळाच्या आकाराचा खड्डा

एक होती इमारत. म्हणजे, अजून व्हायची होती. खाली सळया, वर आभाळ, आणि पायथ्याशी पत्र्याच्या बारक्या बारक्या खोल्या. त्यातल्या एका खोलीत राहायची वैजू. वय सहा, फ्रॉकला एकच बटण. तिची आई हिंगोलीकडून कामाला आलेली, दिवसभर पाचव्या मजल्यावर विटा वाहायची. आई वर, वैजू खाली, आणि वैजूच्या कडेवर तान्हा पिरू, जवळजवळ तिच्याएवढाच जड.

वैजूचं एकच सुख होतं, शेजारची नरसम्मा. ती कामावरच्या तेलुगू टोळीतली, तेलुगूच बोलायची. वैजूला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण नरसम्माने आपल्या बाळाबरोबर पिरूलाही मांडीवर घेतलं, की वैजूला पळत पळत बालवाडीत जाता यायचं.

आणि ऐन संक्रांतीच्या सकाळी भांडण झालं. सुकू हेंब्रम आणि त्याची माणसं कामावर नवीनच आली होती. ती संताळी बोलत. त्यांनी खणला खड्डा, तोही थेट नरसम्माच्या दारात. तिची कमळाची पांढरीशुभ्र रांगोळी गेलीच, शिवाय खालचा पाण्याचा पाइप फुटला. नरसम्मा रडत बोलत होती. सुकू कुदळ दाखवत बोलत होता. याचं तिला कळेना, तिचं याला कळेना, आणि दोघांचं शेषराव मुकादमाला कळेना. शेवटी मुकादम म्हणाला, चूक कुणाची ते दुपारच्या भाकरीपर्यंत सांगा, नाही तर दोन्ही टोळ्यांनी बिऱ्हाड बांधा.

वैजूने पिरूला घट्ट धरलं. नरसम्मा गेली, तर पिरूला कोण घेणार? आणि बालवाडी?

गिऱ्हाइकांना दाखवायच्या सजवलेल्या घरासमोर एक चिमुकली बाग होती. वैजू पिरूला घेऊन तिच्या कडेला जाऊन बसली. पाइप फुटल्यामुळे प्रत्येकाला मोजकंच पाणी मिळालं होतं. पिरूचं पिऊन झाल्यावर पेल्यात तिच्या वाटणीचे चार घोट उरले. तेवढ्यात तिला दिसलं एक इवलंसं फुलपाखरू, निळं, जांभळं, सोनेरी, ओल्या सिमेंटमध्ये रुतलेलं. सिमेंट वाळलं असतं तर संपलंच. वैजूला तहान लागली होती. तरी तिने पेला हळूच त्याच्या पंखांवर रिता केला.

पंख धुतले गेले, झळाळले, आणि फुलपाखराच्या जागी करंगळीएवढी परी उभी राहिली. केसांत दवाच्या टिकल्या, झग्याला मोरपिशी झालर.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "फक्त स्वतःपुरती नको."

वैजूने बटण पिरगाळत विचार केला. "मग मला सगळ्यांचं बोलणं कळू दे. आणि माझं त्यांना."

"कळेल. सूर्य बुडेपर्यंत. पण जे ऐकशील ते जसंच्या तसं पोचवायचं. गाळायचं नाही, गोड करायचं नाही. एक शब्द लपवलास, तर जादू तिथेच विरेल."

"संक्रांतीलासुद्धा गोड नाही करायचं?"

"तिळगूळ गोड असू दे. निरोप खरा असू दे."

वैजूच्या जिभेवर वेलदोड्याच्या दाण्यासारखं थंडगार काहीतरी चमचमलं.

पिरूला उचलून ती धावत खड्ड्यापाशी आली. नरसम्मा म्हणत होती, याने माझा सण मुद्दाम नासवला. वैजूने 'मुद्दाम'सकट सांगितलं. सुकूचा चेहरा उतरला. तो म्हणाला, ही बाई भांडखोर आहे. वैजूने तेही सांगितलं, डोळे घट्ट मिटून. मग सुकू म्हणाला, मुकादमाने हातवारे करून दाखवलं होतं, जिथे फक्कीची पांढरी रेघ, तिथे खणायचं. फक्की म्हणजे जमिनीवर खुणा करायची चुन्याची पूड. इथे रेघा होत्या, म्हणून खणलं.

वैजूने नरसम्माला विचारलं, रांगोळी कशाची होती? नरसम्माने वैजूला जवळ ओढलं. तांदळाचं पीठ लेकरांच्या पोटाला हवं होतं, म्हणून पहाटे मुकादमाच्या पोत्यातली ओंजळभर फक्की घेतली, असं ती कुजबुजली.

"हे नको सांगू, पोरी. मला हाकलतील."

वैजूच्या जिभेवरची चमचम विझू लागली. नरसम्मा जायला नको, म्हणून तर हा सगळा खटाटोप होता.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "हे लपवलं, तर सुकूदादाला उगाच जावं लागेल. त्याची काहीच चूक नाही."

नरसम्माने सुकूकडे पाहिलं. त्याच्या हातात कुदळ तशीच होती. तिने डोळे पुसले. "सांग," ती म्हणाली.

वैजूने सगळं सांगितलं. सुकूला सांगितलं, मुकादमाला सांगितलं, ओंजळसुद्धा गाळली नाही. मग सुकू लाजत म्हणाला, "मला वाटलं, शहरात कमळाच्या आकाराची घरं बांधत असतील. म्हणून पाकळ्या फार जपून खणल्या."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. खरंच की. चर गोल गोल वळत गेला होता, आणि एकही पाकळी मोडली नव्हती. नरसम्मा रडता रडता खुदकन हसली.

मुकादमाने डोकं खाजवलं. "फक्की माझी, हुकूम माझा," तो म्हणाला. "म्हणजे पाइप मीच फोडला की." त्याने पाइप जोडणाऱ्याला बोलावणं धाडलं. बिऱ्हाड कुणाचंच हललं नाही. दुपारी तिळगूळ वाटला गेला, आणि सुकूला नरसम्माने दोन लाडू दिले.

सूर्य बुडाला आणि जादू संपली.

दुसऱ्या दिवशी पाहते तर काय, बुजवलेल्या चराच्या प्रत्येक पाकळीत निळी, जांभळी, सोनेरी फुलं दाटीवाटीने उमललेली. वैजूने पिरूला नरसम्माकडे दिलं. नरसम्मा हसून म्हणाली, "पोयि रा." जिभेवर आता काही चमचमत नव्हतं. तरी वैजूला कळलं. आई कामावर निघताना वैजूही 'जाऊन ये' असंच म्हणायची, नुसतं 'जा' कधी नाही.

"जाऊन येते, मावशी," म्हणत ती बालवाडीकडे पळाली. एका फुलावर बसलेल्या परीने ते ऐकलं, पंख पसरले आणि सकाळच्या कोवळ्या उजेडात ती उजेड होऊन गेली.