पूर्वेस घोरपडराव

"कायद्यापुढे सगळे समान आहेत!" अशी गर्जना सिंहमहाराजांनी केली, आणि मग तो कायदा वाचून दाखवण्यासाठी ते शोधू लागले. बराच वेळ सापडेना. शेवटी दिवाणजींनी कानात काहीतरी सांगितले, तेव्हा महाराज किंचित उठले. कायदा त्यांच्या बुडाखाली होता.

तर मुलांनो, आणि मुलांचे निमित्त करून ऐकायला बसलेल्या मोठ्यांनो, ही गोष्ट जुनी आहे. आगगाडी नवी होती आणि माणसांना शहरांभोवतीचे कोट पाडून सरळ रस्ते काढायची हौस सुटली होती, त्या काळातली. तेव्हा एका जंगलात एक सिंह राज्य करी. तो तरुणपणी माणसांच्या शहरातल्या एका बागेत चार वर्षे राहून आला होता. स्वतंत्र खोली, वेळच्या वेळी मांस, समोर लोखंडी गज. या मुक्कामाला राज्यात 'अभ्यासदौरा' म्हणत. येताना महाराजांनी माणसांचे इमारतींविषयीच्या कायद्याचे पुस्तक आणले. वाटेत भूक लागल्यामुळे त्याचा निम्मा भाग राज्यात पोहोचला नाही. शिक्षेची कलमे तेवढी शाबूत होती.

आल्या आल्या महाराजांनी जाहीर केले, "आजपासून हे जंगल नाही. हे शहर आहे!"

टाळ्या थांबल्यावर एका सशाने विचारले, "म्हणजे नेमकं काय बदललं?"

"पाटी," दिवाणजी म्हणाले.

दिवाणजी हे जातीने कोल्हे. सकाळी ते कायदा लिहीत आणि दुपारी जमिनी घेत. रस्ता कुठून जाणार हे त्यांना रस्त्याच्याही आधी कळे. नवा राजमार्ग अगदी सरळ काढायचा असे ठरले होते, आणि तो सरळच निघाला; फक्त दिवाणजींच्या मेहुण्याच्या बिळापाशी जरा आदराने वळला.

आता घरांचा कायदा करावा लागला, त्याला कारण झाली आग. महाराजांच्या वाढदिवसाला माकडांनी माणसांच्या वरातीतून दारूसामान पळवून आणले होते. त्यातला एक बाण सुगरणींच्या बाभळीवर पडला आणि सगळी घरटी जळाली. चौकशी समिती बसली. समितीचा निष्कर्ष असा : बाण राजाचा होता, म्हणून निर्दोष. आग गवताला लागली, म्हणून दोष गवताचा. गवत सुगरणींनी आणले, म्हणून दंड सुगरणींना.

मग कायदा झाला. प्रत्येकाने आपल्या घराची चतुःसीमा सरकारात नोंदवावी. म्हणजे पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस आणि उत्तरेस काय. नोंदलेल्या हद्दीबाहेर घर आढळले तर ते जप्त. आणि एखाद्या जागेची वहिवाट कोणी एक वर्ष मोडली, तर ती जागा सरकार ज्याला योग्य समजेल त्याला मिळेल. सरकार म्हणजे दिवाणजी. आणि दिवाणजी स्वतःला योग्य समजत असत.

महाराजांच्या गुहेला मात्र हे काही लागू नव्हते. ती बांधलेली नव्हती, सापडलेली होती.

कायद्याला जनतेचा पाठिंबा हवा, म्हणून मेंढ्यांना घोषणा शिकवली : "घर तिथे हद्द झालीच पाहिजे!" मेंढ्यांना एवढे लांब लक्षात राहीना. त्या आपल्या जेवढे जमेल तेवढे ओरडत राज्यभर फिरल्या : "हद्द झाली! हद्द झाली!" सरकारने हा जोरदार पाठिंबा म्हणून टिपून घेतला.

घरे मोजायला एक ओव्हरसियर नेमला. तो होता घोरपड. व्याकरणात घोरपड स्त्रीलिंगी आहे, पण हुद्दा पुल्लिंगी होता, म्हणून आपण त्यांना घोरपडराव म्हणू. एकदा चिकटले की सुटायचे नाहीत, हा त्यांचा गुण पाहूनच त्यांना सरकारी नोकरीत घेतले होते.

घोरपडराव पहिल्यांदा सुगरणीकडे गेले. "बाई, दार खाली आणि पाया वर? हे कसलं घर?"

"रावसाहेब, नकाशा उलटा धरलात," सुगरण म्हणाली.

घोरपडरावांनी नकाशा फिरवला. घर सुलटे झाले. मंजुरी मिळाली. त्या दिवशी त्यांना कायद्याविषयी फार प्रेम वाटले.

दुसऱ्या दिवशी त्यांना वाटेत द्वारकामावशी भेटल्या.

द्वारकामावशी म्हणजे कासवीण. त्या नदीकडे निघाल्या होत्या. दर साली नदीला पाणी चढायच्या आत वाळवंटात जाऊन त्या अंडी घालत. त्यांच्या आईने तिथेच घातली होती, आजीनेही तिथेच. यंदा चालायला उशीर झाला होता. कासवाला उशीर झाला म्हणजे किती झाला, ते तुम्हीच समजा.

"मावशी, थांबा. घर मोजायचंय."

"मोज की बाबा. चालता चालता मोज."

"चालता चालता कसं मोजणार? घराची चतुःसीमा सांगा. पूर्वेस काय?"

"आत्ता? आत्ता तूच आहेस."

घोरपडरावांना खोटे लिहायची सवय नव्हती. ते काम वरच्यांकडे होते. त्यांनी लिहिले : *पूर्वेस घोरपडराव.*

"पश्चिमेस?"

"माझंच शेपूट."

"दक्षिणेस?"

"सावली पडलीय बघ."

"आणि उत्तरेस?"

मावशी तोवर डोके आत घेऊन बसल्या होत्या. त्या बोलेनात. घोरपडरावांनी जरा विचार केला आणि लिहिले : *उत्तरेस उत्तर नाही.*

मावशींनी डोके बाहेर काढले आणि पाऊल उचलले.

"अहो, हलू नका! हललात तर घर हद्दीबाहेर जाईल. जप्त होईल!"

"अरे, पण मला वाळवंटात जायचंय. अंडी काय वाटेत घालू?"

"तुम्ही जा की. कोण अडवतंय? घर तेवढं इथं ठेवून जा."

"घर पाठीला जडलंय, मेल्या!"

"तो तुमचा घरगुती प्रश्न आहे."

तेवढ्यात महाराजांची स्वारी तिथून चालली होती. बरोबर दिवाणजी, मागे मेंढ्या. मावशींनी रस्त्यातच दाद मागितली. महाराज पेचात पडले. "दिवाणजी, घर म्हणजे स्थावर मालमत्ता ना? मग हे चालतं कसं?"

दिवाणजींनी शेपूट पुढे घेऊन त्यावर बोट ठेवले. हा त्यांचा विचार करण्याचा प्रकार होता. खरे म्हणजे विचार त्यांनी महिन्यापूर्वीच केला होता. नदीकाठचे वाळवंट त्यांना हवे होते. तिथे राजमार्ग पोहोचणार होता. आड येत होती ती एकट्या मावशींची वहिवाट. यंदा त्या वाळवंटात पोहोचल्या नाहीत, की मोडली.

"महाराज," ते म्हणाले, "कर घेताना हे घर स्थावर आहे. भरपाई द्यायची वेळ आली, तर जंगम."

"वा! न्याय तो न्याय!" महाराज म्हणाले.

"हद्द झाली! हद्द झाली!" मेंढ्या ओरडल्या.

दिवाणजींनी नोंद मोठ्याने वाचली. पूर्वेस घोरपडराव, पश्चिमेस शेपूट, दक्षिणेस सावली, उत्तरेस उत्तर नाही. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक घर, आतील चीजवस्तूंसह, आकाशापासून पाताळापर्यंत, यावच्चंद्रदिवाकरौ कायम. शिक्का बसला. महाराजांनी जांभई दिली. घोरपडरावांनी दप्तर बगलेत मारले आणि निघाले.

"कुठे?" दिवाणजींनी विचारले.

"घरी. जेवायला."

"हद्द जेवायला जात नाही."

घोरपडरावांचा पाय हवेतच राहिला.

"आपण पूर्व आहात," दिवाणजी शांतपणे म्हणाले. "शिक्का बसलाय."

महाराज जरा कनवाळू होते. जेवण झालेले असले म्हणजे. ते म्हणाले, "खोडून टाका की. घोरपडराव खोडा, दगड लिहा."

दिवाणजी त्यांच्या कानाशी लागले. "महाराज, सरकारी नोंद बदलता येते, हे एकदा प्रजेला कळलं, तर उद्या आपण घेतलेल्या जमिनींच्या नोंदी काढतील."

महाराज गंभीर झाले. "घोरपडराव, राज्याला तुमच्या त्यागाचा अभिमान आहे," असे म्हणून ते निघून गेले.

मग दोघेजण समोरासमोर बसून राहिले, एक घर आणि एक दिशा. ऊन चढले. घोरपडराव तोंड उघडून धापा टाकू लागले.

"काय रे, पूर्वेला मावळायची वेळ आली वाटतं," मावशी म्हणाल्या.

"मावशी, थट्टा नको. पोटात कावळे ओरडतायत."

"माझ्या पोटात काय आहे ते तुला ठाऊक आहे. नदीला पाणी चढलं की वाळू जाते. मग कुठे घालू?"

उत्तर नाही, हे घोरपडरावांनी लिहूनच ठेवले होते.

दुसरा दिवस कलला तेव्हा घोरपडरावांची मंडळी शोधत आली. वाळवंटाच्या वरच्या दरडीत त्यांचे बिऱ्हाड होते. ती तिथून रागाने फणफणत आली होती, त्यामुळे लवकर पोहोचली.

"अहो! काल सकाळी गेलेला माणूस! इथं काय करताय?"

"हळू बोल. मी पूर्व आहे."

"कोण?"

"पूर्व. पूर्व दिशा. सरकारी नेमणूक आहे."

"असाल सरकारात पूर्व! घरात पोरं उपाशी, दरड ढासळतेय, आणि ह्यांना दिशा व्हायचंय! उठा आधी!"

"अगं, मी हललो तर हद्द हलेल."

"हलू दे. तुम्ही हललात म्हणून कधी काही बिघडलंय, की सुधारलंय?"

आणि तिने त्यांची शेपटी तोंडात धरली. घोरपडरावांनी जमिनीला चारही पायांनी चिकटून पाहिले. पण वहिनीही घोरपडच होत्या. त्याही धरले की सोडणाऱ्या नव्हत्या. घोरपडराव उलटे ओढले जाऊ लागले. त्यांचे तोंड मावशींकडे, शेपूट नदीकडे.

मावशींनी एक पाऊल पुढे टाकले.

"मावशी, हलू नका! कायदा!"

"अरे, कायदाच पाळतेय. पूर्वेस घोरपडराव. पूर्व चालली नदीकडे. मी इथंच बसले, तर घर हद्दीबाहेर राहील. जप्त करशील की नाही?"

घोरपडरावांनी ओढले जाता जाता नोंद उघडून पाहिली. "करावं लागेल," ते म्हणाले.

"मग?"

"मग या. लवकर या."

"वहिनी, जरा दमानं ओढा हो," मावशी म्हणाल्या. "कासवाच्या चालीनं."

अशी ती मिरवणूक निघाली. पुढे घोरपडवहिनी, त्यांच्या तोंडात एक सरकारी अधिकारी, आणि त्यामागे आपल्या हद्दीत राहून चाललेले एक घर. वाटेत मेंढ्या भेटल्या. "हद्द झाली!" त्या म्हणाल्या, कारण त्यांना तेवढेच येत होते. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मावशी वाळवंटात पोहोचल्या. त्यांनी खड्डा केला, अंडी घातली, वाळू सारखी केली आणि डोके आत घेऊन निजल्या. वहिवाट मोडली नाही.

ही बातमी दिवाणजींना कळली तेव्हा ते संतापले, असे तुम्हाला वाटेल. लहान माणसे संतापतात. दिवाणजींनी शेपूट पुढे घेतले, त्यावर बोट ठेवले आणि थोड्या वेळाने ते हसू लागले. मग ते थेट गुहेत गेले.

"महाराज, हद्द म्हणजे दगड असं समजत होतो, ही आपली चूक. हद्द जिवंत असावी. ती आपोआप सरकते."

"म्हणजे?"

"आपली गुहा अजून नोंदवलेली नाही. ती आज नोंदवू. पूर्वेस प्रजा, पश्चिमेस प्रजा, दक्षिणेस प्रजा, उत्तरेस प्रजा."

महाराजांना समजले नाही. दिवाणजींनी त्यांना बाहेर नेले आणि एक गर्जना करायला सांगितली. महाराजांनी केली. समोरची प्रजा दहा हात मागे सरकली. दिवाणजींनी लगेच दोरी टाकून मोजले. गुहा दहा हात वाढली होती. रीतसर.

त्यानंतर महाराज रोज सकाळी फिरायला बाहेर पडत. गर्जना करायची, प्रजेने मागे सरायचे, घोरपडरावांनी मोजायचे. घोरपडरावांना बढती मिळाली होती. आता ते कुठलीही दिशा नव्हते. सशांची बिळे गुहेत आली, हरणांचे कुरण गुहेत आले, सुगरणींची बाभळ गुहेत आली. कोणाचेही घर पाडले नाही. फक्त ते आत आले. आत आलेल्यांकडून दिवाणजींनी भाडे घ्यायला सुरुवात केली, आणि एका सशाला आपल्या फार जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

असे करत करत एके दिवशी गुहा नदीकाठी येऊन पोहोचली. मोठा सोहळा झाला. वाळवंटात जरा उंचवटा होता. महाराज त्यावर चढले आणि त्यांनी आयाळ झटकली. समोर सगळे प्राणी अर्धे पाण्यात उभे होते, कारण मागे सरायला आता नदीच उरली होती.

"बंधूंनो आणि भगिनींनो!" महाराज गर्जले. "मी आलो तेव्हा या राज्यात कितीजण उघड्यावर राहत होते! आज मी छातीठोकपणे सांगतो, या राज्यात एकही प्राणी बेघर नाही! सगळेच्या सगळे माझ्या घरात राहतात!"

"हद्द झाली! हद्द झाली!" मेंढ्यांनी आकाश दणाणून सोडले. माकडांनी दारूसामान उडवले. दिवाणजींनी डोळे पुसले. महाराज हात उंच करून अभिवादन घेत राहिले.

जरा शांत झाले तेव्हा उंचवट्याच्या पायथ्याशी वाळू हलली. द्वारकामावशींनी डोके बाहेर काढले, वर पाहिले आणि खाली पाहिले.

"महाराज," त्या म्हणाल्या, "तेवढा उजवा पाय उचलता का? खाली अंडी आहेत."