राजा शीलंधर आणि उचकीचा शाप

एका राज्यात वर्षातून एकदा प्रश्नांचा सण भरे. त्या दिवशी कुणीही यावे, राजवाड्याच्या चौकात उभे राहावे आणि राजाला एक प्रश्न विचारावा. राज्यकारभाराचा नव्हे, मनाला उगीच टोचत राहणारा. चंद्र आपल्याबरोबर का चालतो? आपल्याच हातांनी आपल्याला गुदगुल्या का होत नाहीत? राजाने सिंहासनावरून उत्तर द्यायचे आणि प्रजेने ते शिरसावंद्य मानून घरी न्यायचे, अशी रीत होती.

सिंहासन साधे नव्हते. कालंजय नावाच्या मांत्रिकाने ते वीज पडलेल्या सागाच्या खोडातून घडवले होते. त्याच्या छत्रावर एक म्हातारा भारद्वाज पक्षी बसे. त्याला माणसाची भाषा येई, पण कुणी विचारल्याशिवाय तो बोलत नसे, आणि आजवर कुणा राजाने त्याला काही विचारलेच नव्हते. विचारायचे म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करायचे. राजेलोकांना ते कसे जमावे?

राजा शीलंधर तर सगळ्यांवर कडी. त्याला बहुतेक प्रश्नांची उत्तरे येत नसत. तुम्हाआम्हालाही येत नाहीत, त्यात काय एवढे? पण बापाने त्याला बजावले होते, "सिंहासनावरून 'ठाऊक नाही' म्हणू नकोस. लोक हसतील." शीलंधर तलवारीला भीत नसे, हसण्याला भीत असे. म्हणून तो उत्तरे रचून सांगे. रचताना त्याचे कान लालबुंद होत. ते दिसू नयेत म्हणून त्याने कानांवर मोत्यांची झालर सोडलेला मुकुट करवून घेतला होता. दरबारी म्हणत, वा, काय शोभा आहे!

एका सणाला त्याची लेक चारुलेखा चौकात येऊन उभी राहिली. पोर लहान, आई नसलेली. भागाई नावाच्या दाईने तिला अंगाखांद्यावर वाढवले होते. चारुलेखेला सकाळपासून उचकी लागली होती.

"बाबा, उचकी का लागते?" तिने विचारले.

राजाला ठाऊक नव्हते. सारा चौक कान टवकारून उभा होता. झालरीखाली राजाचे कान तापले आणि तोंडाला येईल ते तो बोलून गेला.

"कुणी आपल्या वाईटावर असले, की उचकी लागते."

चारुलेखेला पुन्हा उचकी आली. चौकात कुजबुज सुरू झाली. राजकन्येच्या वाईटावर कोण? सकाळपासून तिच्याजवळ कोण होते? एकेक नजर वळत वळत भागाईवर येऊन थांबली.

"मी?" भागाई म्हणाली. "महाराज, मी हिला न्हाऊ घातले, वेणी घातली. मी हिच्या वाईटावर?"

ती राजाकडे पाहत राहिली. राजाने एक शब्द बोलायचा होता, बस. उत्तर रचलेले आहे हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते? पण राजा मुकुट सावरत बसला. शिपायांनी भागाईला दंडाला धरून वेशीबाहेर काढले. लाज वाटावी असाच प्रसंग, आणि राजाला ती वाटलीही. पण लाज वाटणे आणि तोंड उघडणे यांत फार अंतर असते.

भागाईने वेस ओलांडली आणि शाप जागा झाला. चारुलेखेची उचकी थांबेना. शिवाय उचक्यांबरोबर तिचा एकेक शब्द नाहीसा होऊ लागला. आज 'मोर' गेला, उद्या 'अंगण' गेले. समोर दूध ठेवले तरी तिला ते मागता येईना. वैद्य हरले, मांत्रिक हरले. सगळे शब्द गेले, की त्यांच्यामागे प्राण जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून राजाने ओळखले.

तेव्हा शीलंधर एकटाच दरबारात गेला. छत्राखाली उभा राहिला, घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिले आणि अगदी हळू विचारले, "हे कशाने झाले?"

"फार उशिरा विचारलेस," भारद्वाज म्हणाला. "कालंजयाने हे आसन तुझ्या पूर्वजाला देताना सांगितले होते, की इथे बसून खरे उत्तर द्यावे, नाहीतर ठाऊक नाही म्हणावे. वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा तुमच्या घराण्याने लक्षात ठेवला. इथून सांगितलेल्या खोट्याने तिसरे घर उजाडले, की ते खोटे फिरून राजाच्या लेकराला खाते. तुझ्या तीन उत्तरांनी घरे उजाडली आहेत. अनवाणी जा, मुकुटाशिवाय जा, ज्यांची घरे उजाडली त्यांच्यासमोर उभा राहा."

राजा निघाला. भारद्वाज वर उडत राहिला.

पहिले गाव कोळ्यांचे. तिथे नदीच नव्हती, कोरडे पात्र होते. तुळजा नावाची कोळीण त्या पात्रात दगड फोडत बसली होती. राजाने आपली ओळख सांगितली.

"मीच विचारले होते, पाण्यात राहून बोटे का सुरकुततात," तुळजा म्हणाली. "आपण म्हणालात, नदी माणसाचे आयुष्य पिते. आम्ही जाळी जाळली, पोरांना पाण्यात जाऊ दिले नाही. नदी रुसली आणि डोंगराआड निघून गेली."

"ते मी रचले होते."

"मग बोटे कशाने सुरकुततात?"

पुढचे शब्द राजाने जन्मात उच्चारले नव्हते. "ठाऊक नाही," तो म्हणाला.

तुळजा हसली नाही. हसली असती तर त्याला बरे वाटले असते. तिने आपल्या फुटक्या नखांकडे पाहिले आणि पदराने तोंड पुसले. तोवर डोंगराआडून नदी परत आली, राजाच्या घोट्यांवरून वाहू लागली. तुळजा पोरांना हाका मारत पाण्यात शिरली. राजाकडे तिने वळूनही पाहिले नाही.

"राजकन्येजवळ ओंजळभर शब्द उरले आहेत," वरून भारद्वाज म्हणाला. "पाय उचल."

दुसरे गाव साळ्यांचे. गावभर लोक तोंडाला फडकी बांधून हिंडत होते आणि दोन घरांच्या मध्ये एक भिंत रोज वीतभर वाढत होती. तिच्या पायथ्याशी रायाजी साळी पहारा देत बसला होता. एकाने जांभई दिली की दुसऱ्याला का येते, असे त्याने विचारले होते. राजा म्हणाला होता, दुसरा पहिल्याची झोप चोरतो. तेव्हापासून रायाजीने आपल्या भावाला चोर ठरवले होते.

"रायाजी, ते खोटे होते," राजा म्हणाला. "जांभई का पसरते, मला ठाऊक नाही."

रायाजीने त्या भिंतीकडे पाहिले. मग त्याने मान खाली घातली.

"आपण खोटे सांगितलेत, ते आपले पाप. पण पाठच्या भावाला चोर म्हणायला माझी जीभ रेटली, ते माझे. एक जांभई ती काय, आणि मी भिंत घातली!"

भिंत खाली बसली. पलीकडे भाऊ मागावर बसला होता. त्याने रायाजीला पाहिले आणि त्याला मोठी जांभई आली. मग रायाजीला आली, मग राजालाही आली. कुणी कुणाला चोर म्हटले नाही.

राजाला आता चालताना हलके वाटू लागले. 'ठाऊक नाही' म्हणणे इतके काही अवघड नाही, असे त्याच्या मनात आले. माणसाचे हे असेच. जरा सवय झाली की त्याला कबुलीचाही रुबाब चढतो.

"एकच शब्द उरला आहे," भारद्वाज म्हणाला.

"कोणता? बाबा?"

"तो काल गेला. उरला आहे तो 'भागाई'."

राजा धावतच सुटला.

भागाई राज्याच्या सीमेवर, चिंचेखालच्या खोपटात राहत होती. राजकन्येच्या वाईटावर असलेली बाई म्हणून तिला कुणी विहिरीवर येऊ देत नसे. ती चिंचा फोडत बसली होती. राजाने तिच्या पायांशी बसून सगळे सांगितले. चारुलेखेचे नाव ऐकताच ती हातातली चिंच टाकून उठली.

"मी येते," ती म्हणाली. "पण मलाही एक प्रश्न आहे. तो मी चौकात विचारीन. मला बाहेर काढले तेही चौकातूनच."

राजवाड्यात पोहोचताच नगारा वाजला, चौक भरला. चारुलेखेला आणून भागाईच्या मांडीवर ठेवले. पोर कागदासारखी पांढरी पडली होती. तिने भागाईचा चेहरा चाचपला आणि आपल्याजवळचा एकुलता शब्द म्हटला. राजा सिंहासनावर बसला.

"महाराज," भागाईने विचारले, "मला दंडाला धरून ओढत होते, तेव्हा आपण गप्प का बसलात?"

राजाने उभ्या चौकासमोर, स्वच्छ आवाजात उत्तर दिले, "मला ठाऊक नाही."

लोक थक्क झाले. राजा असे म्हणतो! काहींच्या डोळ्यांत कौतुक आले. तेवढ्यात चारुलेखेला उचकी लागली आणि तिचा शेवटचा शब्द गेला. तिचे ओठ हलले, पण त्यांतून काही येईना. तिचा हात भागाईच्या हातात थंड पडू लागला.

"महाराज," भागाई म्हणाली, "हे आपल्याला ठाऊक आहे."

राजाने लेकीकडे पाहिले. कौतुकाने पाहणाऱ्या लोकांकडे पाहिले. मग तो सिंहासनावरून खाली उतरू लागला, पण भारद्वाजाने वाट अडवली. त्याला तिथेच बसून बोलावे लागले.

"मला लाज वाटली," राजा म्हणाला. "मी उत्तर रचले हे कळले तर लोक हसतील, याची. तू निर्दोष आहेस हे मला तेव्हाच ठाऊक होते. तू माझ्याकडे पाहत होतीस, तेही मी पाहिले होते."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

चौकात कुणी हसले नाही. उचकी थांबली. चारुलेखेच्या गालांवर रंग चढला आणि शब्द परत येऊ लागले. मोर आला, अंगण आले, दूध आले. सर्वांत शेवटी, बऱ्याच वेळाने, 'बाबा' आला.

शाप फिटला. त्या दिवसापासून सण पुन्हा नीट भरू लागला, भारद्वाजाला लोक पोटभर प्रश्न विचारू लागले आणि ज्याचे उत्तर त्यालाही येत नसे ते हसतखेळत पुढच्या वर्षावर टाकू लागले. भागाई वाड्यात राहिली, सुखाने राहिली. राजाशी ती अदबीने बोले. तो दालनात आला की हातातले काम ठेवून उठून उभी राही, आणि दर वेळी राजा तिच्या आधी मान खाली घाली.