कडेच्या खुर्चीवरच्या आत्या

ही गोष्ट मला नीट आठवते आहे की नाही, याची खात्री नाही. कुठे चुकलं तर दोष माझा, भिंगाचा नव्हे.

बऱ्याच वर्षांपूर्वी कारेकरांच्या स्टुडिओतला रिळाचा कॅमेरा मोडला. त्यांनी त्याचं भिंग नव्या कॅमेऱ्यावर चढवलं. या कॅमेऱ्यात रिळाच्या जागी चित्र टिपणारी पाटी होती. कॅमेरा ठेवायची जमिनीवरची खूण मात्र त्यांनी तीच ठेवली.

एक कुटुंब फोटोला आलं. आजारी चंपूआत्यांचा हा पहिलाच फोटो. त्या कडेच्या खुर्चीवर बसल्या.

"मी येते ना रे त्यात?"

"येता हो आत्या. तीस वर्षं याच खुणेवरून सगळे येताहेत," असं म्हणून कारेकरांनी कॅमेऱ्यात न डोकावताच बटण दाबलं.

फोटोत आत्या नव्हत्या. खुर्चीही नव्हती.

"कडेला कुणी नव्हतंच," कॅमेरा म्हणाला.

"होत्या. मी त्यांना आत आणलं," भिंग म्हणालं. "तुझी पाटी रिळापेक्षा लहान. आत्या पाटीशेजारी, तुझ्या आतल्या काळ्या भिंतीवर होत्या. माझ्यातून सगळे येतात तशाच उलट्या, डोकं खाली, पाय वर, आणि तुझ्याकडेच बघत होत्या."

कॅमेऱ्याने हळूच विचारलं, "अजून आहेत?"

कुटुंब फोटो न्यायला आलं, तेव्हा आत्या वारल्या होत्या.

पुढे कित्येक वर्षांनी मी पुस्तकांतून खात्री करून घेतली. भिंग पूर्वीइतकाच उजेड आत टाकतं. पाटी लहान असली की फक्त मधला तुकडा उमटतो. कडेच्या माणसांचा उजेडही आत येतो, आणि काळ्या भिंतीवर पडून तिथेच विझतो.