तळ्याईच्या ओहोळाची कहाणी

ऐक गं तळ्याई, तुझी कहाणी. नगर होतं आटपाट, त्याच्या उशाशी तळं होतं. कुणी खणलेलं नव्हे, कुणी बांधलेलं नव्हे. डोंगरातून ओहोळ यायचा, तळं भरायचा. काठाला लव्हाळा, लव्हाळ्यात पाणकोंबड्या, पाण्यात मरळ मासे. तिथं भिवराई भोईण राहायची. नवरा देवाघरी गेलेला. जाळं टाकी, पोट भरी, शुक्रवारी ओहोळातला गाळ उपशी नि तळ्याईला हात जोडी. हाच तिचा वसा.

एके दिवशी राजाला वाटलं, तळ्याला शोभा नाही. मग त्यानं लव्हाळा कापला, काठ चिरेबंदी केला, ओहोळ बुजवून वर बाग केली. महालाची मोरी तेवढी तळ्यात सोडली. भिवराई म्हणाली, "राजा, ओहोळ बुजवू नकोस. तळं मरेल." राजा हसला. शिपायांनी तिचं जाळं फाडलं, खोपट मोडलं, तिला वेशीबाहेर हाकललं.

मग पाणी हिरवं झालं. मग काळं झालं. मग आटू लागलं. मासे उलटे तरंगले, पाखरं उडून गेली, घरोघरी पोरं तापानं फणफणली. राजा म्हणाला, "देवी कोपली. तिची ओटी भरा." झालं! वाजतगाजत सारं नगर निघालं. नारळ फेकले, खण फेकले, हारांचे ढीग फेकले. घाण होती तिच्यावर आणखी घाण.

भिवराईला राहवेना. ती खांद्यावर कुदळ घेऊन गर्दीत घुसली, कडाडली, "जिच्या तोंडात मोरी सोडलीत, तिचीच ओटी भरता? लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला?"

पुढं राणी होती, तिच्या हातात ताट होतं. ती थबकली. म्हणाली, "बाई गं, मग मी काय करू? तुझा वसा मला सांग."

"सांगून काय उपयोग? तुझा शालू चिखलानं भरेल, हात सोलतील, राजा रागावेल. मग वसा टाकशील नि महालात जाशील."

राणीनं ताट खाली ठेवलं, पदर खोचला. "कुदळ दे," म्हणाली.

दोघी बागेत गेल्या, ओहोळ उकरू लागल्या. राणीच्या हाताला फोड आले, तिनं सोडलं नाही. फोड फुटले, सोडलं नाही. मग नगरातल्या बाया घमेली घेऊन आल्या. कुणी माती उपसली, कुणी चिरे उखडले, कुणी मोरीचं तोंड बुजवलं.

राजा शिपाई घेऊन धावला. "माझी बाग कुणी मोडली?"

"मी मोडली," राणी म्हणाली. "तुम्ही तळं मोडलंत, त्याचं काय? ओहोळावर पुन्हा माती टाकायची तर आधी माझ्यावर टाका."

शिपायांनी पाहिलं, तर चिखलात त्यांच्याच आया, त्यांच्याच बायका. त्यांनी भाले खाली ठेवले. राजा एकटा पडला. इतक्यात ओहोळ मोकळा झाला, खळाळत तळ्यात शिरला.

हळूहळू पाणी निवळलं. लव्हाळा फुटला, पाखरं परतली, पोरं खेळू लागली. राजा ओशाळला. म्हणाला, "भिवराई, चुकलो. काठावर तुझ्या नावाचं देऊळ बांधतो."

"पुन्हा काठावर दगडच का?" ती म्हणाली. "काठ मोकळा सोड. एवढं झेपलं तरी पुष्कळ."

तळ्याई जशी भिवराईला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. तिचा ओहोळ बुजवील त्याला मात्र कधी न पावो. साठां उत्तरांची ही कहाणी, पांचां उत्तरी, भरल्या पाण्याकाठी सुफळ संपूर्ण.