माणकातला तीळ

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका गावात रत्नांचा बाजार भरायचा. तिथं सौदा तोंडानं होत नसे. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून काय ते ठरवायचं. खड्यात दोष असला तर करंगळी दाबायची. दोष तोंडानं उच्चारायचा नाही, कारण एकाच्या कानावर गेला की बाजारभर झालाच म्हणून समजा.

त्या बाजारात एक दलाल होता. शब्दाला पक्का, पण भारी काळजीखोर. एकदा एका म्हातारीनं त्याच्या हातावर माणिक ठेवलं. जांगड म्हणून, म्हणजे खपलं तर पैसे आण, नाहीतर खडा परत आण. ना चिठ्ठी, ना चपाटी. माणकाच्या पोटात तिळाएवढा काळा ठिपका होता.

"नवऱ्यामागं एवढंच उरलंय बाबा," म्हातारी म्हणाली. "जप हो."

नेमका त्याच महिन्यात राजाचा हुकूम सुटला. वेशीबाहेर जाणारा प्रत्येक खडा चौकीवर दाखवायचा आणि त्याचं वर्णन लिहून घ्यायचं. "आमच्या शब्दावर राजाचा भरवसा नाही की काय?" म्हणत बाजार नुसता धुसफुसत होता.

माणिक शहरात विकायला निघालेला दलाल चौकीवर गेला. कारकुनाला खड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"काही खूण?" त्यानं विचारलं.

मागं चार व्यापारी कान टवकारून उभे. दलालानं एकदा मागं पाहिलं. तिळाचं नाव काढलं तर म्हातारीच्या माणकाला कोण विचारणार? समोर व्यापारी असता तर रुमालाखाली करंगळी दाबून तो मोकळा झाला असता. पण सरकारची करंगळी कुठं दाबायची?

"काही नाही. निर्मळ आहे," तो म्हणाला.

कारकुनानं लिहिलं, 'लाल खडा एक, निर्मळ' आणि शिक्का मारला. वाटभर दलाल कमरेची पुडी चाचपत राहिला.

शहरातल्या सराफानं आधी कागद वाचला, मग खडा पारखायला आत नेला. बराच वेळ झाला. शेवटी पुडी परत देत म्हणाला, "नाही जमत."

दलालानं तिथंच पुडी उघडली. आत लालभडक काच होती. तीळ नव्हता.

"हा माझा खडा नव्हे. माझ्या खड्यात ठिपका होता."

"तुमच्याच कागदावर निर्मळ लिहिलंय," सराफ शांतपणे म्हणाला. "हाही निर्मळच आहे."

दलालानं धापा टाकत चौकी गाठली आणि तीळवाला खडा बदलल्याचं सांगितलं. कारकुनानं कागद वाचला आणि मान वर केली. "मग तू त्या दिवशी खोटं बोललास, की आज बोलतोयस?"

दलाल काच घेऊन म्हातारीकडं गेला.

म्हातारीनं खडा उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला. "माझा तीळ कुठाय रे?"

खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं. म्हातारीनं काच त्याच्या हातावर परत ठेवली. मग म्हणाली, "तिळापायी चार पैसे कमी आले असते. पण माझा खडा माझा म्हणून ओळखू तरी आला असता."

दुसऱ्या दिवशी दलालानं बाजारात रुमाल पसरला, पण चौकीवरची गोष्ट तोवर बाजारभर झाली होती. त्याच्याखाली कुणीच हात घातला नाही.

तात्पर्य: आपण दोष म्हणून जे झाकतो, तीच कधी आपल्या वस्तूची ओळख असते; ती खरी सांगितली, तरच कागद आपल्या बाजूनं बोलतो.